पावकी गेली, औटकी राहिली

मोबाइल काढून पस्तीस अधिक चाळीस ही बेरीज करणारा नातू दिसला, की मराठी घरातले पुढचे वाक्य सहसा ठरलेले असते. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळे तोंडपाठ होते. यादीचा नुसता नादच असा, की समोरचा गप्प होतो. यांतल्या निम्म्या शब्दांचा अर्थ सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतो, ही गोष्ट वेगळी. म्हणून आधी अर्थ पाहू. हे अपूर्णांकांचे पाढे. सात घ्या: पावकीत त्याचे पावणेदोन होतात, निमकीत साडेतीन, पाऊणकीत सव्वापाच, सवायकीत पावणेनऊ, दिडकीत साडेदहा, अडीचकीत साडेसतरा आणि औटकीत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यात, साडेचोवीस. पंतोजींच्या शाळेत तीसपर्यंतचे पाढे झाले की हे सुरू होत आणि दिवेलागणीला घरी परवचा म्हणताना स्तोत्रे, तिथी, नक्षत्रांच्या रांगेत तेही घोकले जात. ही यादी पुढे करणाऱ्याचा दावा असा, की जुन्या पिढीचे डोके तल्लख होते आणि आताचे गंजले. पुरावे नीट लावून पाहिले तर या यादीतून आजोबांच्या मेंदूविषयी फारसे काही कळत नाही. ते ज्या बाजारात जात त्या बाजाराविषयी मात्र पुष्कळ कळते.

तो बाजार अर्ध्या-अर्ध्याने चालत असे. १९५७ पूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा, आणा चार पैशांचा आणि पैशाच्या पोटात आणखी तीन पै. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट आणि पै एकशे ब्याण्णव. धान्य मापायला निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. यातले प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. तोलायच्या मालाला छटाक, म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा आणि सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा, त्यामुळे ज्याच्या गाठीला ऐंशी रुपये असत त्याला शेराचे वजन वेगळे विकत घेण्याची गरज नव्हती. ऐंशी रुपये गाठीला असणारा माणूस वजनाची काळजी कशाला करील, हा प्रश्न निराळा. निम्मे करण्याची ही ओढ कुणाच्या लहरीतून आलेली नव्हती. तराजू आहे आणि वजन एकही नाही, अशा वेळीही ढिगाचे दोन सारखे भाग करता येतात, त्यांचे पुन्हा दोन, पुन्हा दोन. दहावा भाग तसा काढता येत नाही. चौसष्ट पैसे सहा वेळा अर्धे केले तरी दर वेळी सबंध पैसे हातात राहतात. शंभर पैसे दोनदा अर्धे केले की पंचविसावर गाडी अडते. तीन भावांत रुपया वाटायचा झाला तर प्रत्येकी पाच आणे चार पै, वाद मिटला. आजच्या रुपयात तेहतीस-तेहतीस पैसे वाटून एक पैसा उरतो, आणि भावांत वाद लागायला तेवढा पुरतो.

अशा बाजारात अपूर्णांकाचा पाढा हे रोजचे हत्यार होते आणि त्याची धार कुठे लागत असे ते एका उदाहरणात दिसते. मण चाळीस शेरांचा. चाळिसाचा सोळावा भाग अडीच. त्यावरून आडाखा निघतो: जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर. गूळ सात रुपये मण असेल तर अडीच शेर सात आण्यांना, पाच शेर चौदा आण्यांना, साडेसात शेर एक रुपया पाच आण्यांना. कागद नको, पेन्सिल नको. उलट बाजूने, रुपया मण भावाच्या मालाचे सहा आण्यांत किती शेर येतील? अडीचकीत सहाच्या घरात पंधरा. अडीचकी नावाचा विचित्र पाढा कुणी आणि का घोकला असेल, याचे उत्तर हे असे चाळीस आणि सोळा या दोन आकड्यांच्या मधोमध सापडते. तसाच छटाकाचा आडाखा: जितके रुपये शेर, तितके आणे छटाक. पगाराचाही होता. महिना जितके रुपये, तितके अर्धे आणे रोज. हा मात्र थोडा लबाड. रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै तीस दिवसांत वाटल्या तर रोजी सहा पैंहून किंचित जास्त पडते, आणि अर्धा आणा म्हणजे सहाच पै. निमकीने रोजंदारी चुकती करणाऱ्या मालकाकडे महिनाअखेर दर रुपयामागे बरोबर एक आणा उरत असे. पाढा पाठ असणे आणि पाढा कुठे फसवतो हे ठाऊक असणे, या दोन गोष्टींत अंतर आहे. पुढे ते पुन्हा उपयोगी पडेल.

यावर कुणी म्हणेल, की हे सगळे दशमान पद्धत ठाऊक नसल्याचे लक्षण होते. दहाचे महत्त्व कळले असते तर एवढा खटाटोप करावाच लागला नसता. पण ११५० च्या सुमारास लीलावती रचणाऱ्या भास्कराचार्यांपेक्षा दहाचे महत्त्व कुणाला जास्त कळत होते? एकं, दहं, शतं ही स्थाने त्यांच्या हातचा मळ होती. तरीही त्याच ग्रंथाच्या आरंभी ते जे चलन देतात ते असे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. लिहिताना दहा आणि विकताना चार-सोळा, यात त्यांना विसंगती दिसली नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. तिथल्या विद्यार्थ्यांनीही सकाळी दशमान आकडे मांडले असतील आणि संध्याकाळी भाजी सोळा पणांच्या हिशेबाने घेतली असेल. फ्रान्सचा अनुभव तर याहून बोलका आहे. तिथे क्रांतीनंतर १७९५ मध्ये कायद्याने मीटर आणि ग्रॅम आले. पण बाजारातली माणसे पाव आणि अर्धे सोडायला तयार होईनात. अखेर अर्ध्या युरोपाला नमवणाऱ्या नेपोलियनने १८१२ मध्ये दुकानदारांपुढे हात टेकले आणि जुन्या नावांची, अर्ध्या-पावात विभागली जाणारी मापे किरकोळ व्यापारात पुन्हा चालू दिली. मेट्रिक पद्धत तिथे सक्तीची व्हायला १८४० उजाडावे लागले.

भारतात हा बदल बराच सुरळीत झाला. १९५५ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि लिटर आले. १९६४ मध्ये नव्या पैशाचे नवेपण संपून तो नुसता पैसा झाला. सुरुवातीच्या दिवसांतली गंमत म्हणजे आण्याचे होतात सव्वासहा नये पैसे. पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून एका आण्याला सहा ठरले आणि चार आण्यांना पंचवीस. साहजिकच, एकेक आण्याची सोळा देणी सुटी सुटी चुकवणाऱ्याचे शहाण्णव पैशांत भागे आणि तीच सोळा एकदम चुकवणाऱ्याला पूर्ण रुपया लागे. नवा बाजार उघडला आणि त्याच्याबरोबर नवे आडाखेही जन्मले. मात्र अडीचकीच्या पायाखालची जमीन सरकली. मण नाही, शेर नाही, आणा नाही. मग चाळिसाचा सोळावा भाग कोण कशाला काढील? एका पिढीत पाढे गेले. ती पिढी आळशी नव्हती. नव्या पैशांतला हिशेब ती भराभर शिकली. चार आणे, आठ आणे, बारा आणे जिभेवर टिकले कारण ते पंचवीस, पन्नास, पंचाहत्तरावर नेमके बसतात. दोन आणे बसत नाहीत, साडेबारा होतात, ते गेले. ग्रामीण भागात पिकाच्या अंदाजाला अजून आणेवारी म्हणतात, सरकारी कागदावर तिची पैसेवारी झाली असली तरी.

इथे सगळ्यात जोरकस आक्षेप येतो. पाढे कुठल्याही बाजारासाठी असोत, ते घोकल्याने डोक्याला व्यायाम होत होता आणि तो व्यायाम इतर सगळीकडे उपयोगी पडत होता, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हे खरे असते तर फार सोयीचे झाले असते. पण १९८५ मध्ये ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक छोटा, पण पुढे गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या एका नारळवाल्याला पस्तीस क्रुझेरोंचा एक याप्रमाणे दहा नारळांची किंमत विचारली. दहाने गुणायला शून्य लावतात हे तो विसरला असावा. त्याने तीन नारळांचे एकशे पाच धरले, त्यात तीन-तीन वाढवत नेले आणि शेवटी एक मिळवून साडेतीनशे सांगितले. बरोबर. गाड्यावर या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली तेव्हा बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर घसरली. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या संशोधनात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांविषयी हेच दिसले, आणि शाळेत गणित बरे जमणाऱ्या मुलांची बाजारातल्या हिशेबापुढे तारांबळ उडते हेही. हिशेबाचे कसब ज्या कामात तयार होते त्या कामाला चिकटून राहते. ते उचलून दुसरीकडे नेणे अवघड. तेव्हा पावकी पाठ असलेल्या आजोबांना आजच्या गृहकर्जाचा हप्ता आपोआप उलगडला असता, असे मानायला आधार नाही.

दुसराही एक आक्षेप आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या आजोबांना पाठ होते, या वाक्यातले आजोबा कुणाचे? पंतोजींच्या शाळेत जी मुले बसत ती बहुतेक ब्राह्मण, व्यापारी आणि कारकुनी करणाऱ्या घरांतली. मुली नव्हत्या. अस्पृश्य ठरवलेल्यांना तर दाराबाहेरही जागा नव्हती. त्या शाळेचा उंबरा न ओलांडता कोळणी मासळी विकत, विसाच्या हिशेबाने मोजत आणि गिऱ्हाइकाला एक पैही सोडत नसत. म्हणजे पाढ्यांवाचून हिशेब अडत होता असेही नाही. जिथे अडत होता ती जागा दुसरी होती. भाजी-मासळीचा हिशेब डोळ्यांसमोर होतो. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत, वर्षानुवर्षे, व्याजावर व्याज चढत होतो आणि शेतकऱ्याला तो दिसतच नसे. रुपयाला महिना पैसा, हा दर ऐकायला किती गरीब वाटतो! चौसष्टातला एक. वर्षाचे बारा पैसे, म्हणजे शेकडा पावणेएकोणीस. १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावापासून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे पसरले तेव्हा लोकांचा रोख सावकाराच्या पैशापेक्षा कागदांवर जास्त होता. कर्जखते हिसकावून जाळली गेली. जो हिशेब वाचता येत नाही तो जाळणे, हाही हिशेबच. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळांत मोडी आणि बालबोध लिहिण्यावाचण्याबरोबर हिशेब शिकवावा अशी मागणी आहे. बाजार कुठे काय दडवतो हे त्यांना नेमके कळले होते, असे त्यावरून वाटते.

दडवण्याची ही कला फक्त सावकारांची नाही. अमेरिकेने १७९२ मध्येच डॉलरचे शंभर सेंट केले, पण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले भाव त्यानंतर दोनशे वर्षे डॉलरच्या आठव्या हिश्श्यात सांगितले जात. जगातला सगळ्यात श्रीमंत बाजार दोन आण्यांच्या पटीत बोलत होता! १९९४ मध्ये क्रिस्टी आणि शुल्ट्झ या दोन प्राध्यापकांनी दाखवून दिले, की नॅसडॅक या दुसऱ्या अमेरिकी बाजारातले दलाल बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत एक, तीन, पाच, सात असे विषम अष्टमांश टाळतात. म्हणजे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात किमान पाव डॉलरची फट राही, आणि त्या फटीतून दलालांचे पोट भरे. २००१ मध्ये तिथले शेअर बाजार सेंटवर आले आणि ही फट बरीच आकसली. म्हणून मोजण्याचे एकक कोण ठरवतो आणि त्यात कोणाची सोय आहे, हे विचारल्याशिवाय जुने चांगले की नवे चांगले, या वादाला अर्थ नाही. शंभर पैशांच्या रुपयाने शेकड्यातले व्याज उघडे पाडले, कारण महिना एक टक्का म्हणजे रुपयाला सरळ एक पैसा. सोळा आण्यांच्या रुपयात तोच दर एका पैशाच्या दोन तृतीयांशाहून किंचित कमी, असा अवघडून बसे.

आता आजच्या बाजारात जाऊ. इथे वाण्याचा तराजू इलेक्ट्रॉनिक, पैसे क्यूआर कोडने, सुट्ट्यांचा प्रश्नच नाही. कुणी म्हणेल, सगळे यंत्रच करते, मग पाठ करायचे काय? पण यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते; काय विचारायचे ते आधी सुचावे लागते, आणि दुकानदाराची सगळी मेहनत ते सुचू नये यासाठी असते. हजाराची साडी दिवाळीआधी सवायकीने साडेबाराशेची होते आणि दिवाळीत तिच्यावर वीस टक्के सूट मिळते. सूट वजा करून किती? हजार. साडी, दुकान आणि हजार जिथल्या तिथे, फक्त गिऱ्हाईक खुशीत. किंमत दिडकीने चढवून वर पन्नास टक्के सवलतीची पाटी लावली, तर उरते मूळ किमतीच्या पाऊणपट. पाटीवर अर्धे, खिशात पाव. चारावर एक फुकट, हे पंचवीस टक्के वाटते. पाच नग चाराच्या भावात म्हणजे सूट वीसच टक्के. हप्त्याने गाडी देणारा विक्रेता वर्षाला सरळ दहा टक्के म्हणतो, तेव्हा निमकी आठवावी. मुद्दल आपण दर महिन्याला फेडत जातो, त्यामुळे वर्षभरात सरासरी निम्म्याहून थोडेच अधिक पैसे आपल्याकडे असतात, पण व्याज पूर्ण रकमेवर धरलेले असते. खरा दर दहा नाही, जवळजवळ अठरा पडतो. महिन्याच्या पगाराला रोजी अर्धा आणा म्हणणाऱ्या मालकाचाच हा वंशज.

मग नवा परवचा हवा की काय? हवाच, आणि तो फार लांबही नको. जीएसटीचे अठरा टक्के असे काढावेत: दहावा भाग घ्यायचा, दुप्पट करायचा, आणि जे येईल त्याचा दहावा भाग वजा. अडीचशेचा दहावा पंचवीस, दुप्पट पन्नास, पाच वजा, पंचेचाळीस. हॉटेलच्या बिलावरचे पाच टक्के म्हणजे दहाव्या भागाची निमकी. बहात्तरला व्याजाच्या दराने भागले की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतात ते कळते. हा आडाखा लुका पाचोलीच्या १४९४ सालच्या इटालियन गणितग्रंथातही आहे, म्हणजे आपल्या परवच्याइतकाच म्हातारा. यावर शिक्षणतज्ज्ञ म्हणतील, की शाळेत गेले की याचेही घोकंपट्टीत रूपांतर होईल. होऊ द्यावे. पाठांतराने पंतोजींच्या मुलांचे वाईट केले नाही. बाजार बदलल्यावर जे पाठ ते बिनकामाचे ठरले एवढेच. जुन्यांतलेही सगळे मोडीत काढू नये. अनेक क्रेडिट कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, आणि साडेतीन म्हणजे औटकी. औटकीत बाराच्या घरात बेचाळीस. वर्षाला बेचाळीस टक्के, तेही व्याजावरचे व्याज न धरता. ते धरले की एक्कावन्न. सुप्याच्या शेतकऱ्यांना तोंडात बोट घालायला लावील असा हा दर गुळगुळीत कागदावर बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि तो वाचायला दीडशे वर्षांपूर्वीचा पाढा जसाच्या तसा चालतो. सवायकी आणि दिडकीला साड्यांच्या दुकानात काम मिळाले, निमकीला गाडीच्या शोरूममध्ये, औटकीला बँकेत. अडीचकी तेवढी अजून रिकामी आहे. तिचा मणही गेला आणि शेरही.